एमजीबी पुन्हा चालती करणारे सोलापुरातील गॅरेज

वडिलांची १९६५ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार अनेक वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात उभी होती. अक्कलकोट रस्त्यावरील या छोट्या गॅरेजच्या मिस्त्रींनी ती सात महिन्यांत चालती केली. त्या काळच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, हे न पाहता आधीच्या एका कारागिराने बॅटरी उलटी जोडून कटआउट (डायनामो आणि बॅटरी यांच्यातला स्विच) जाळला होता. मिस्त्रींनी मात्र आधी वायरिंगचा नकाशा मागितला, मगच पाना हातात घेतला. १,७९८ सीसी इंजिनाचे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) जुळवताना, रबरी नळीचे टोक कानाला लावून, दोन्हींकडील हवेचा आवाज सारखा होईपर्यंत ते स्क्रू केसभर फिरवत राहिले. तेव्हा मला वडिलांची फार आठवण झाली. रंगकाम साधारण आहे. होटगी रस्त्यावर भर दुपारीही इंजिन तापले नाही.