फ्लिंटलॉकचं सामान: तयार किट की खणांची पेटी?

'.५० कॅलिबर मझललोडर किट' असं लिहिलेला, पुठ्ठ्यावर प्लास्टिकखाली बंद केलेला संच अमेरिकेतल्या शिकारीच्या दुकानांत टांगलेला दिसतो. तुमच्याकडे फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीच्या ठिणगीने पेटणारी ठासणीची बंदूक (मझललोडर) असेल तर तो संच घेऊ नका. त्यातला कॅपर (टोप्या बसवायचं साधन) आणि निपलचा पाना कॅपच्या, म्हणजे निपलवर बसवलेल्या स्फोटक टोपीने पेटणाऱ्या, बंदुकीसाठी असतात. चकमकीच्या बंदुकीला निपलच नसतं. आणि जे खरोखर लागतं, म्हणजे चकमकीचे तुकडे, चामड्याची पट्टी, कान (नळीच्या बुडाजवळचं, आग आत नेणारं भोक) साफ करायची तार, पेट घ्यायची दारू जिथे टाकतात त्या वाटीचा ब्रश, ते त्यात सहसा सापडत नाही.

त्याच दुकानात चार पावलं पुढे मासेमारीच्या विभागात जा. गळ-आमिषं ठेवायची पारदर्शक खणांची पेटी मिळते, '३६००' आकाराची. सुमारे ११ इंच लांब, ७ इंच रुंद, पावणेदोन इंच खोल, आतल्या पट्ट्या काढघाल करता येणाऱ्या. किंमत दहा डॉलरच्या आसपास. फ्लिंटलॉकचं बारीकसारीक सामान सांभाळायला यापेक्षा चांगली वस्तू नाही, कारण झाकण न उघडताच रिकामा खण दिसतो. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरचा फ्लिंटलॉक सीझन २६ डिसेंबरला उघडतो. १९७४ पासून चालत आलेला हा सीझन थंडीचा आणि ओलाव्याचा, आणि तेव्हा चकमक धरणाऱ्या जबड्याचा एक स्क्रू हरवला तरी दिवस गेला.

ठासणीच्या बंदुकीसाठी मराठीत बहुतेक शब्द तयार आहेत: घोडा (चकमक धरणारा भाग), चाप, गज (ठासायची काठी), दस्ता, रंजक (वाटीत टाकायची बारीक दारू), कान. तोफेच्या कानात खिळा ठोकला की तोफ निकामी होते, तोच हा कान. खण या शब्दांनीच लावले तर पेटी पटकन पाठ होते.

पहिला खण चकमकीचा. मोठ्या लॉकला (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेला) साधारण पाऊण इंच रुंदीचा तुकडा लागतो, लहानाला पाच अष्टमांश. आपल्या फ्रिझनची, म्हणजे चकमक जिच्यावर आपटते त्या पोलादी पट्टीची, रुंदी मोजा आणि चकमक तिच्यापेक्षा किंचित अरुंद घ्या. रुंद तुकडा नळीच्या बाजूला घासतो. निदान सहा तुकडे ठेवा, सोबत पातळ चामड्याच्या पट्ट्या. चामड्याशिवाय नुसता दगड जबड्यात आवळला तर तो सरकतो किंवा तडकतो. बसवताना धार फ्रिझनला समांतर हवी, आणि घोडा अर्ध्या चापावर (अर्धाच मागे ओढून अडकवलेला) असताना धार फ्रिझनला टेकता कामा नये. उतरती बाजू वर की खाली, हे प्रत्येक लॉकचं वेगळं असतं. दोन्ही करून पाहा आणि जिथे ठिणग्या थेट वाटीत पडतात ते पक्कं करा. पहिल्या दोन-तीन बारांनंतर चामडं दबतं आणि स्क्रू ढिला होतो, तेव्हा पुन्हा आवळायचा. लॉक एकाएकी ठिणगी टाकेनासं झालं, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

दुसरा खण कानाचा. कानाचं भोक सुमारे १/१६ इंच असतं, आणि दोन-तीन बारांत काजळीने अरुंद होतं. पितळी तार, छोटा ब्रश आणि पाइप क्लीनरचे चार तुकडे एवढं पुरतं. बार भरताना पाइप क्लीनर कानात घालून ठेवा. भरल्यावर तो काढला की दारूत बारीक वाट राहते आणि आग आतपर्यंत चटकन पोचते. वाटीत रंजक तिसरा हिस्सा ते निम्मी, तीही कानापासून थोडी दूर. काठोकाठ भरली तर कानातली रंजक वातीसारखी आधी जळत जाते. 'फुस्स' आणि 'धाड' यांत अंतर पडतं, आणि तेवढ्यात नेम हलतो.

तिसरा खण गजाच्या टोकांचा, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. जॅग (चिंधी धरून नळी पुसायचं टोक), गोळी उपसायचा स्क्रू, चिंधी काढायचा वर्म, हे ८-३२ आणि १०-३२ अशा स्क्रूच्या दोन आट्यांत येतात. दिसायला सारखे, पण एकमेकांत बसत नाहीत. घरी प्रत्येक टोक गजाला लावून पाहा. बसत नसेल तर अडॅप्टर घ्या आणि तो याच खणात टाका. गजाच्या टोकाची पितळी टोपी आरपार पिनने बसवलेली असावी. नुसती चिकटवलेली असेल तर ओढताना टोपी जॅगसकट नळीत अडकते. दारू न घालताच गोळी ठासली गेली, तर कानातून चिमूटभर रंजक आत ढकलून, गोळी तळाशी पक्की ठासून आणि नळी सुरक्षित दिशेला धरून ती उडवता येते. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीवर चालणारा डिस्चार्जर असेल तर आणखी सोपं.

गोळ्या आणि पॅच (गोळीभोवती गुंडाळायचं कापड) यांचा खण लवकर संपतो. .५० च्या नळीला .४९० ची शिशाची गोळी (वजन सुमारे १७७ ग्रेन) आणि .०१५ इंच जाडीचा पॅच ही नेहमीची जोडी. पॅचला मेण आणि चरबीचं मिश्रण लावा. पेट्रोलियमचं तेल काळ्या दारूच्या काजळीत मिसळलं की डांबरासारखा चिकट थर होतो आणि तिसरी-चौथी गोळी अर्ध्यातच अडते.

शेवटचा मोठा खण लॉकच्या सुट्या भागांना द्या: मुख्य स्प्रिंग, सिअर (घोडा अडवून धरणारा खटका) स्प्रिंग, फ्रिझन स्प्रिंग, जबड्याचा स्क्रू, लॉकचे बोल्ट, कानाचं लायनर (भोकात बसवायचा सुटा भाग). प्रत्येक भाग वेगळ्या झिप-पिशवीत, आणि वर लॉक बनवणाऱ्याचं नाव लिहिलेलं. सारख्या दिसणाऱ्या दोन लॉकच्या स्प्रिंगा एकमेकींना लागतीलच असं नाही. भाग मागवायला मिनेसोटातल्या एल्क रिव्हरचं 'ट्रॅक ऑफ द वुल्फ' आणि टेनेसीतल्या युनियन सिटीचं 'डिक्सी गन वर्क्स' ही दोन जुनी ठिकाणं. पहिल्या दुकानाची मोठी सोय म्हणजे वस्तूंचे फोटो एक इंची चौकटींवर काढलेले असतात. आपला स्क्रू शेजारी फूटपट्टीवर ठेवून लांबी पडताळता येते. ऑक्टोबरातच मागवा, डिसेंबरात नाही.

दारू या पेटीत अजिबात ठेवायची नाही. चकमक आणि पोलाद जिथे आहे तिथे दारू नको. मुख्य बाराची थ्री-एफ (बारीक दाण्याची) आणि रंजकीची फोर-एफ (त्याहून बारीक) आपापल्या बंद डब्यांत, वेगळ्या कप्प्यात. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूला पेट घ्यायला काळ्या दारूपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून फ्लिंटलॉकमध्ये तिने बार चुकतात. इथे खरी काळी दारूच हवी. बिनधुराची (आधुनिक काडतुसांतली) दारू कधीही नाही, तिने नळी फुटते. विमानात काळी दारू हातातल्या किंवा चेक-इन सामानात नेता येत नाही, तेव्हा दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथेच विकत घ्या.

हरणासाठी .५० मध्ये थ्री-एफचं ७० ते ९० ग्रेनचं माप चालतं. मात्र बंदूक बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. माप आकारमानाचं, आणि डब्यातून दारू थेट नळीत कधीही ओतायची नाही. आत ठिणगी शिल्लक असेल तर अख्खा डबा हातात पेटतो. गजावर दोन खुणा करा: नळी रिकामी असताना एक, नेहमीचा बार भरल्यावर दुसरी. गज दुसऱ्या खुणेच्या वर राहिला तर गोळी दारूला टेकलेली नाही. मधल्या पोकळीमुळे नळी फुगते किंवा फुटते. या दोन खुणांना खर्च शून्य आहे, आणि कोणत्याही किटमध्ये त्या मिळत नाहीत.

ओल्या दिवसात वाटीतली रंजक हवेतला ओलावा ओढून काळ्या चिखलासारखी होते. अर्ध्या तासाने ती झटकून, वाटी पुसून नवी घाला. फ्रिझन कोरडं ठेवा, बोटाचं तेल लागलं तरी ठिणगी मंदावते. अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाचे चार तुकडे पेटीत असू द्या. लॉकवर चामड्याचं झाकण बांधलं तर आणखी चांगलं.

आता पेटीचे दोष. स्वस्त पेटीत पट्ट्यांच्या तळाशी फट राहते, आणि कानाची तार तिथून शेजारच्या खणात घरंगळते. तारेचं टोक बुचात खुपसून ठेवा. रबरी गॅस्केटची पेटी पावसात उत्तम, पण ओला जॅग किंवा ब्रश आत ठेवून झाकण लावलं तर ओल कोंडते आणि रात्रीत स्प्रिंगांवर गंज चढतो. आधी पुसा, मग ठेवा, आणि सिलिका जेलची पुडी टाका. गज आणि दारूचं शिंग अर्थातच मावत नाही. बंदुकीची सफाई त्याच दिवशी: गरम पाणी, थोडा भांड्यांचा साबण, पूर्ण कोरडं, मग तेल. उद्यावर टाकली तर काजळी ओल ओढते आणि नळी आतून खड्डे पडून खराब होते.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ठासणीची बंदूक सहसा 'फायरआर्म'च्या व्याख्येत बसत नाही, पण राज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत विकत घ्यायलाही ओळखपत्र लागतं. पेनसिल्व्हेनियात वाटीतली रंजक काढली की फ्लिंटलॉक रिकामी मानली जाते. नळीत बार मात्र तसाच असतो, म्हणून चापाला 'भरलेली' अशी चिठ्ठी बांधा. ती चिठ्ठीही पेटीतच ठेवा.

पेटीला पाचापैकी साडेचार, तयार किटला दीड.

सीझनच्या आदल्या रात्री एक तपासणी करा. आधी गज घालून रिकाम्या नळीची खूण जुळते का ते बघा, दारू दुसऱ्या खोलीत ठेवा. मग दिवे मालवा, फ्रिझन बंद करा आणि चाप ओढा. पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या वाटीच्या तळापर्यंत पडून क्षणभर तिथेच चमकत राहिल्या, तर लॉक तयार आहे. लालसर, बारीक आणि वाटेतच विझणाऱ्या दिसल्या, तर पहिल्या खणातून दुसरी चकमक काढा.