‘तुमच्या यजमानांचे पैसे अडकलेत’ म्हणणारा फोन

घरातला कमावता माणूस लांबलेल्या आजारपणानंतर गेला, की काही दिवसांत त्याच्या बायकोला किंवा मुलाला एक फोन येतो. बोलणारा अदबीने बोलतो. गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कधीकधी हप्ते थकून बंद पडलेल्या एखाद्या जुन्या पॉलिसीचा क्रमांकही अचूक सांगतो. स्वतःची ओळख ‘आयआरडीएआय’ (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था), ‘विमा लोकपाल कार्यालय’ (विम्याच्या तक्रारी ऐकणारं कार्यालय) किंवा नुसतीच ‘हेड ऑफिस, क्लेम विभाग’ अशी करून देतो. सांगणं एवढंच असतं, की यजमानांच्या नावावर अमुक लाख रुपये पडून आहेत, नॉमिनी म्हणून तुमचं नाव लागलेलं आहे आणि मुदत महिनाअखेरीस संपतेय.

माहिती बरोबर असते म्हणूनच माणसं फसतात. ती येते कुठून? बंद पडलेल्या पॉलिसींच्या याद्या चोरून विकल्या जातात. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद परिसरात अशा याद्यांवर चालणारी बनावट कॉल सेंटरं पोलिसांनी वेळोवेळी पकडली आहेत. उरलेला तपशील आपणच पुरवतो. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे’ या निधनवार्तेतल्या वाक्यात वारसांची यादी आयती मिळते. व्हॉट्सॲपवरच्या निरोपात दशक्रियेची जागा, वेळ, घरचा पत्ता आणि मुलाचा मोबाइल नंबर असतो (त्या वेळी घर रिकामं असणार, हेही कळतं). फ्लॅट वारसाच्या नावावर करण्यासाठी सोसायटीने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, तर तिच्यात फ्लॅटचा क्रमांकसुद्धा येतो. तेव्हा समोरच्याला एवढं सगळं ठाऊक आहे म्हणून तो खरा, असं धरू नका.

आमिष नेमकं बसतं, कारण आपल्याकडे घरातल्या कागदांचा व्यवहार बहुधा एकाच्याच हातात असतो. नवऱ्याने आपल्याला न सांगता एखादी पॉलिसी काढली असेल, हे कुठल्याही बाईला सहज पटतं. त्यातून दवाखान्याच्या बिलांसाठी एफडी मोडलेल्या असतात, सोनं गहाण पडलेलं असतं, दिराकडून, मेहुण्याकडून उसने घेतलेले असतात. फोनवर सांगितलेला आकडा हे सगळं फेडून थोडं उरेल असाच असतो.

पुढे पैसे पायरीपायरीने काढतात. समजा, येणारी रक्कम ११ लाख ४० हजार सांगितली. पहिली मागणी ‘फाइल चार्ज’ म्हणून चार-पाच हजारांची. ती भरली की व्हॉट्सॲपवर शिक्का-सहीचं पत्र आणि आपल्या नावाच्या चेकचा फोटो येतो. दुसरी मागणी ‘एजंट कोड’ काढण्याची. पॉलिसी विकणाऱ्या एजंटला यातलं मोठं कमिशन जाईल, ते वाचवायचं तर पंचवीस-तीस हजार भरा आणि त्याला काही कळू देऊ नका. ही सगळ्यात हुशार पायरी आहे, कारण गावातला जो एक माणूस खरं-खोटं तपासून देऊ शकला असता, त्याच्यापासूनच बाईला तोडलं जातं. ‘भाऊबंदांना सांगू नका, हिस्सा मागतील’ हे वाक्यही याच वेळी येतं. मग टीडीएस, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, ‘रिझर्व्ह बँकेची एनओसी’ असं एकेक निघत जातं. यातली प्रत्येक मागणी आतापर्यंत भरलेल्या एकूण रकमेपेक्षा लहान ठेवलेली असते, त्यामुळे थांबलो तर सगळंच बुडेल असं वाटत राहतं. पैसे मात्र कुठल्या कंपनीच्या नावावर नव्हे, एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यावर किंवा यूपीआय आयडीवर मागवतात. विचारलं तर ते ‘अधिकाऱ्याचं रिफंडेबल खातं’ असतं.

मध्येच कधी ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणून मोठा चेक मागतात, तोही खऱ्याच विमा कंपनीच्या नावाने. पावती खरी येते, पॉलिसी खरी येते आणि विश्वास पक्का होतो. प्रत्यक्षात बाईच्या नावावर दरवर्षी हप्ता भरायची नवी पॉलिसी काढलेली असते आणि तिचं कमिशन या टोळीच्या साखळीत जातं. कंपनीकडून पडताळणीचा फोन आला, की ‘सगळ्याला हो म्हणा’ असं आधीच पढवून ठेवतात. पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि त्या दिवसांपुरता जोखमीचा हप्ता वजा करून बाकी पैसे मिळतात. फोनवरचा माणूस ‘दीड महिना थांबा, पैसे येतील’ म्हणतो, ते हे ३० दिवस उलटावेत म्हणून. अशी पॉलिसी घरात सापडली तर आधी तारीख बघा आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून वर शाखेत लेखी अर्जाची पोच घ्या.

आता नियम काय सांगतात ते. आयआरडीएआय ही नियामक संस्था आहे. ती पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही आणि कोणाच्या पैशांसाठी वारसांना फोन करत नाही. विमा लोकपालाकडे तक्रार विनामूल्य होते आणि ती वारसाने स्वतः करायची असते, वकील किंवा एजंट तिथे चालत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे जायचं. कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाची मुदत असते आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. मुंबईत आणि पुण्यात ही कार्यालयं आहेत. मृत्यूच्या दाव्याची रक्कम वारसाला करमुक्त असते. टीडीएस तर जिथे लागतो तिथेही देणारा कापून उरलेले पैसे देतो, आधी भरायला सांगत नाही. जीएसटी हप्त्यावर असायचा, दाव्यावर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरही तो शून्य आहे. दाव्याच्या पावतीवर लागलाच तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो.

आणि खरोखरच एखादी पॉलिसी राहिली असेल तर? ती शोधायला फोनवरच्या माणसाची गरज नाही. गेलेल्या माणसाच्या खात्याचे जितके मागचे मिळतील तितके उतारे काढा आणि दरवर्षी त्याच सुमारास वजा होणारी रक्कम शोधा. जुन्या आयकर विवरणपत्रांत आणि फॉर्म १६ मध्ये ८०-सी खाली विम्याचे आकडे असतात. त्याचं सिम लगेच बंद करू नका, वर्षभर किमान रिचार्ज चालू ठेवा, कारण हप्त्याच्या आठवणीचे एसएमएस त्याच नंबरवर येतात. मात्र त्या फोनवरून यूपीआयने किंवा कार्ड वापरून त्याच्या खात्यातले पैसे काढू नका, पुढे वारसांत वाद झाला तर तेच अंगाशी येतं. प्रत्येक विमा कंपनीच्या संकेतस्थळावर दावा न झालेल्या रकमा शोधण्याची सोय असते. बँकेत दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने सापडतात.

पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपयांची नोंद असेल तर ती पंतप्रधान जीवनज्योती विम्याची, २० रुपयांची असेल तर सुरक्षा विम्याची. पहिल्यात कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात, दुसऱ्यात फक्त अपघाताने झाला तर. दावा त्याच बँकेत करायचा. आजारपणात खातं रिकामं पडून ४३६ रुपये वळते झाले नाहीत आणि दोन लाखांचं संरक्षण गेलं, असं सहज होऊ शकतं. घरात कोणी आजारी असेल तर मेअखेरीस तेवढी शिल्लक खात्यात राहील हे बघा. माणूस नोकरीत असताना गेला असेल तर पीएफसोबत ईडीएलआयचा विमा असतो, कमाल ७ लाख. कंपनीच्या एचआरला लेखी विचारा. गृहकर्जाच्या मंजुरीपत्रात विम्याचा हप्ता वळता झालेला दिसला तर त्या कर्जावर विमा आहे. हे वसुलीवाले आपणहून सांगतील, अशी आशा ठेवू नका.

एलआयसीचा दावा असेल तर मूळ बॉन्ड (पॉलिसीचा कागद), मृत्यूचा दाखला, ३७८३ क्रमांकाचा अर्ज, नॉमिनीचं ओळखपत्र आणि कॅन्सल चेक घेऊन ज्या शाखेतून पॉलिसी निघाली तिथे जायचं. पॉलिसीला तीन वर्षं झालेली नसतील तर डॉक्टरांचं आणि रुग्णालयाचं प्रमाणपत्रही मागतात, म्हणून डिस्चार्ज समरी, केसपेपर आणि मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत सुरुवातीलाच घेऊन ठेवा. तीन वर्षांनंतर आजार लपवल्याच्या कारणावरून कंपनीला आयुर्विम्याची पॉलिसी नाकारता येत नाही, विमा कायद्याचं कलम ४५ तसं स्पष्ट सांगतं. ‘आजार लपवलाय, केस अडकेल, सेटलमेंट करून देतो’ म्हणणाऱ्या दलालांचा धंदा हे कलम ठाऊक नसलेल्यांवरच चालतो.

माणूस जिवंत असतानाही हेच चालू असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसवून देतो, मुख्यमंत्री सहाय्यता निधी मंजूर करून देतो, फक्त दहा टक्के द्या, असं सांगणारे दवाखान्याच्या दारातच भेटतात. दोन्हींचा अर्ज विनामूल्य आहे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, हेल्पलाइन १५५३८८ आहे आणि सहाय्यता निधीचे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. मेडिक्लेमच्या ‘कस्टमर केअर’चा नंबर गूगलवर शोधू नका, विम्याच्या कार्डावरचा घ्या. क्लेम लवकर हवा तर ही एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) टाका, असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. ती टाकली की ओटीपीचे एसएमएस थेट त्याच्याकडे जाऊ शकतात.

दाव्याचे खरे पैसे खात्यात आले की दुसरा प्रकार सुरू होतो. तो बेकायदेशीर असेलच असं नाही, नुकसान मात्र तेवढंच. शाखेतला ओळखीचा माणूस ‘एफडीसारखंच आहे, व्याज जास्त’ म्हणत पाच लाखांची पॉलिसी देतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाच लाख भरायचे आहेत हे वर्षाने कळतं. अर्जावर हप्ता ‘एकरकमी’ लिहिलाय की ‘वार्षिक’, एवढा एक रकाना बघितला तरी हे टळतं. पहिले सहा महिने सगळी रक्कम साध्या एफडीत ठेवावी. सोन्यावरचं कर्ज तेवढं आधी फेडावं, कारण व्याज थकलं तर दागिना लिलावात जातो. क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्जाच्या वसुलीवाल्यांना लेखी नोटीस पाठवायला सांगा. सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर गेलेल्या माणसाकडून वारसाहक्काने जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी असते, स्वतःच्या पगारातून किंवा स्त्रीधनातून फेडायची नसते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायलाही त्यांना परवानगी नाही.

पैसे गेलेच असतील तर लाज बाजूला ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे तासाभरातही दोन-तीन खात्यांतून फिरवून काढून घेतले जातात, म्हणून आधी फोन आणि मग घरच्यांशी चर्चा. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले तो क्रमांक समोर ठेवा. तक्रारीचा पोचक्रमांक मिळाला की तो घेऊन आपल्या बँकेत लेखी अर्ज द्या, मग पोलीस ठाण्यात जा. चॅट पुसू नका, आलेली पत्रं आणि कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवा. विमा कंपनीच्या नावाने फसवणूक झाली असेल तर आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही नोंद करा. तुमच्या नावावर काढलेली ती खरी पॉलिसी रद्द करून घ्यायला ही नोंद कामी येते.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. या वेळी ‘सायबर सेल’मधून : तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला दहा टक्के प्रोसेसिंग फी लागेल. आधीच्याच टोळीने किंवा तिच्याकडून यादी घेतलेल्या दुसऱ्या टोळीने तो केलेला असतो. गोठवलेली रक्कम कायदेशीर आदेशाने ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात परत येते. त्यासाठी पोलीस फी घेत नाहीत, ओटीपीही मागत नाहीत.