डोंबिवली पूर्वेचं काकूंचं पाळणाघर: एका नर्स-आईच्या नजरेतून

माझी मुलगी सात महिन्यांची असल्यापासून काकूंकडे जाते, आता ती दीड वर्षाची झाली. मी मुंबईत लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे पाळणाघर बघायला गेले की भिंतीवरच्या चित्रांआधी माझी नजर बाथरूममधल्या बादलीकडे जाते. इथे ती रिकामी करून पालथी घातलेली होती. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. कुणी न सांगता ही काळजी घेणाऱ्या बाईंवर माझा अर्धा विश्वास तिथेच बसला.

तळमजल्यावरचा टू बीएचके, स्टेशनपासून चालत दहाएक मिनिटं. मुलं जास्तीत जास्त आठ, त्यातली दोन वर्षांच्या आतली तीनच. काकू आणि मदतीच्या एक ताई दिवसभर असतात. दुपारी शाळा सुटलेली मोठी मुलं आली की काकूंच्या सूनबाईही हाताशी येतात. नववं मूल घेत नाहीत, कितीही गळ घाला. माझ्या ओळखीच्या एकीला त्यांनी "जागा झाली की फोन करते" म्हणून परत पाठवलं. तिची अडचण मला कळत होती, तरी काकूंचंच बरोबर होतं. जवळच्याच एका चकचकीत डे-केअरमध्ये मी बाळांच्या खोलीत चौदा बाळं आणि त्यांना सांभाळायला दोनच मुली बघितल्या होत्या. त्यातल्या एकीच्या हातात पूर्णवेळ दुधाच्या बाटल्याच होत्या.

"लायसन्स आहे का?" हा प्रश्न सगळे विचारतात. काकूंकडे गुमास्ता आहे. पण ती दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, चपलांच्या दुकानालाही तीच मिळते. बाळं किती, सांभाळणारी माणसं किती, ती काय शिकलेली, यातलं काही त्या कागदावरून कळत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 मध्ये पाळणाघरांचे किमान निकष काढले, पण ते मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीला धरून, म्हणजे 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणांच्या पाळणाघरांसाठी. काकूंसारख्यांचं घर त्यात बसत नाही. शिवाय त्या निकषांतही तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई आणि मदतनीस, एवढंच आहे. दहा तान्ही बाळं एका प्रशिक्षित बाईच्या जिवावर हे मला तरी पटत नाही.

माझ्यासोबत काम केलेली एक मैत्रीण आता इंग्लंडमध्ये आहे. तिथे घरी पैसे घेऊन मुलं सांभाळायची तर ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेकडे किंवा तिथल्या मान्यताप्राप्त एजन्सीकडे नोंदणी लागते. एकट्या बाईकडे आठ वर्षांखालची फार तर सहा मुलं, त्यात पाच वर्षांखालची तीन, आणि वर्षाच्या आतलं सहसा एकच. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा 12 तासांचा कोर्सही सक्तीचा. आपल्याकडे घरोघरच्या पाळणाघरांना असं काहीतरी लागू व्हायलाच हवं, आणि तपासणीला येणाऱ्या माणसाने फाइल बघण्याआधी मुलं मोजायला हवीत.

सीसीटीव्ही इथे नाही, आणि त्यावरून काही आईवडील माघारी जातात. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईनेच मारलं होतं. तिथे कॅमेरा होता, म्हणून ते उघडकीला आलं. पण तोवर लेकराला मार बसून गेला होता. कॅमेरा असावाच, मी काकूंना तसं सांगितलंय. तरी खोलीत दुसरं मोठं माणूस असण्याला तो पर्याय होत नाही.

आता रोजचं. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, सपाट गादीवर झोपवतात. मोहरीची उशी एका आजींनी आग्रहाने पाठवली होती, ती काकूंनी समजावून परत दिली. माझं काढून ठेवलेलं दूध फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यात, वर तारीख आणि वेळ. द्राक्षं उभी चिरून देतात, अख्खे शेंगदाणे घरात उघड्यावर ठेवतच नाहीत. औषध फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि दिलेल्या डोसाची वहीत नोंद. "थोडं सर्दीचं सिरप द्या, म्हणजे झोपेल" असं सांगणाऱ्या एका बाबांना त्यांनी माझ्यासमोर स्पष्ट नाही म्हटलं. एकदा माझा सख्खा भाऊ माझ्या मुलीला न्यायला गेला. ती "मामा, मामा" करत झेपावत होती, तरी माझा फोन लागेपर्यंत काकूंनी तिला कडेवरून सोडलं नाही. भाऊ चिडला होता. मी दुसऱ्या दिवशी काकूंचे आभार मानले.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगते. आग विझवायचं सिलिंडर अजून आलेलं नाही, मागे लागूनही. संध्याकाळी पाचनंतर मोठ्या मुलांसाठी टीव्ही लागतो आणि छोटीही त्यासमोर बसतात. प्रथमोपचाराचं रीतसर शिक्षण कुणाचंच झालेलं नाही. घशात काही अडकलं तर वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, हे मी बाहुलीवर करून दाखवलं. ताईंनी पुन्हा पुन्हा करून घेतलं. पण प्रत्येक पाळणाघराला नर्स-आई कुठून मिळणार?

फी महिना साडेसहा हजार, दुपारचं जेवण धरून. शनिवारी दोनपर्यंत. बघायला जायचं तर साडेबाराच्या सुमाराला जा. एकाला भरवायचं, दुसऱ्याचं लंगोट बदलायचं, तिसऱ्याला झोपवायचं, असं सगळं त्याच वेळेला येतं. काकू आत येऊ देतात. जे पाळणाघर त्या वेळी दारातूनच "चारनंतर या" म्हणतं, तिथे मी माझी मुलगी ठेवणार नाही.