दोन चॅनेलचं घरगुती टेन्स-ईएमएस यंत्र: सेटिंग उत्तम, पॅड मात्र बदला

हे यंत्र त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून विजेचे छोटे झटके (पल्स) देतं: टेन्स वेदना कमी करण्यासाठी, ईएमएस स्नायू आकुंचित करण्यासाठी. त्याची खरी जमेची बाजू म्हणजे पल्सची रुंदी (प्रत्येक झटका किती वेळ टिकतो) आणि फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती झटके) स्वतंत्रपणे बदलता येतात. वेदनेसाठी संवेदना वाहणारे मज्जातंतू उद्दीपित करायचे असतात. त्याला ८० ते १०० हर्ट्झ, १०० मायक्रोसेकंद आणि नुसत्या मुंग्या जाणवतील इतका करंट पुरतो. स्नायू आकुंचन पावायला मात्र ३५ ते ५० हर्ट्झ आणि ३०० मायक्रोसेकंद हवेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीला १० सेकंद चालू, ५० सेकंद बंद ठेवा. विश्रांती कमी पडली की स्नायू लगेच थकतो.

‘मांडी हलतच नाही’ ही तक्रार बहुधा पॅडच्या जागेमुळे असते. एक पॅड गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूच्या फुगवट्यावर. दुसरा मांडीच्या वरच्या बाहेरच्या भागावर. त्वचेवर तेल नको. पॅडची कड सुटली की सगळा करंट उरलेल्या जागेतून जातो आणि चटका बसतो. सोबतचे पॅड फारच लहान आहेत. ५ बाय ५ सेंटिमीटरचे वेगळे घ्याच.

मज्जातंतू पूर्ण तुटला असेल तर इतक्या छोट्या पल्सला स्नायू दाद देत नाही, त्यासाठी हे घेऊ नका. पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला तर कुणीच लावू नये.