जुन्या फोनवर आधीच्या मालकाचे खाते : आयफोन आणि अँड्रॉइड यांतला फरक

जुना फोन घरी आणून रीसेट केल्यावर त्याने आधीच्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागितला, तर तो ठेवावा की परत करावा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. आयफोनमध्ये असा पासवर्ड मागणारे कुलूप २०१३ साली आयओएस ७ बरोबर आले आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ साली ५.१ या आवृत्तीत; अँड्रॉइडच्या कुलपाला दुकानदार ‘एफआरपी’ (फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन) म्हणतात. चोरीचा फोन चोराच्या कामी येऊ नये हा दोन्हींचा हेतू असला, तरी रीतसर पैसे मोजलेल्या ग्राहकाला उपलब्ध असणारे मार्ग दोन्हीकडे सारखे नाहीत.

आयफोनचे कुलूप ॲपलच्या सर्व्हरवर नोंदलेले असते. त्यामुळे विक्रेता नागपुरात आणि फोन पुण्यात असला, तरी विक्रेत्याने ब्राउझरमधून आपले आयक्लाउड खाते उघडून हा फोन यादीतून काढून टाकला की काम होते. पासवर्ड कोणालाही सांगावा लागत नाही. मात्र फोनमधील माहिती पुसणे आणि फोन खात्यातून काढणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली करून ‘झाले हो’ असे कळवणारे विक्रेते पुष्कळ असतात, म्हणून दुसरी पायरी त्यांच्याकडून आवर्जून करून घ्यावी.

अँड्रॉइडमध्ये खात्याची खूण फोनमधल्याच राखीव जागेत राहते, म्हणून विक्रेत्याने दूरवरून आपल्या खात्यातून फोन काढला तरी कुलूप निघेलच असे नाही. विक्रेत्याने समोर बसून आपला पासवर्ड स्वतः टाकणे, हा खात्रीचा मार्ग आहे. बहुतेक फोनमध्ये रीसेटपूर्वीचा पिन किंवा पॅटर्नही चालतो, आणि तो फोनवरून विचारून घेता येतो. पासवर्ड मागण्यापेक्षा हे दोघांनाही सोयीचे.

विक्रेता संपर्काबाहेर गेला असेल, तर दोन्हीकडे मूळ बिलाला महत्त्व येते. ॲपल खरेदीचा पुरावा तपासून कुलूप काढण्याची विनंती स्वीकारते, परंतु त्यात फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. अँड्रॉइडच्या बाबतीत फोन बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्रात जावे लागते आणि तिथले नियम कंपनीगणिक बदलतात. जुन्या फोनच्या व्यवहारात हाताने लिहून दिलेली चिठ्ठी अशा ठिकाणी सहसा उपयोगी पडत नाही.

‘बायपास करून देतो’, म्हणजे पासवर्डशिवाय कुलूप चुकवून देतो, असे म्हणणाऱ्याला पैसे देण्याचा पर्याय मला दोन्हीकडे त्याज्य वाटतो. आयफोनच्या जुन्या मॉडेलवर चालणाऱ्या युक्त्यांत अनेकदा सिमवरून कॉलच लागत नाहीत, आणि पुन्हा रीसेट केल्यावर कुलूप परत येते. अँड्रॉइड १५ मध्ये तर सेटअप टाळून पुढे जाण्याची जुनी पळवाटही बंद करण्यात आली आहे. फोन सुट्या भागांसाठी विकू, हा हिशेबही आता तितकासा जमत नाही, कारण आयओएस १८ पासून बॅटरी, कॅमेरा आणि डिस्प्ले हे भागही या कुलपाच्या कक्षेत आले आहेत.

काहीही ठरवण्याआधी फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, तपासावा. तो बिलावर किंवा खोक्यावर नसेल, तर फोनच्या सिम-ट्रेवर किंवा मागील बाजूस पाहावा. ‘केवायएम’ ही अक्षरे इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला की दूरसंचार विभागाच्या नोंदीतली त्याची स्थिती कळते. तो काळ्या यादीत असेल, तर पुढची तुलना करण्याचे कारण उरत नाही. व्यवहाराचे पुरावे जपून पोलिसांकडे जावे.

नोंद स्वच्छ असेल आणि विक्रेता फोन उचलत असेल, तर मी आयफोन ठेवीन. अँड्रॉइड मात्र विक्रेता त्याच दिवशी भेटणार असेल किंवा जुना पिन देणार असेल तरच ठेवीन. मूळ बिलही नाही आणि विक्रेताही टाळाटाळ करतो आहे, अशा स्थितीत दोन्हींपैकी कोणताही फोन परत करून पैसे मागावेत, आणि ते परतीची मुदत संपण्याआधी मागावेत.