कारागिराला पत्ताच नव्हता: लग्नाच्या पाहुण्यांसाठी ठरवलेल्या कार्यशाळेत झालेली आमची फसवणूक

लग्नाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना नुसतं खुर्च्यांवर बसवून ठेवण्याऐवजी त्यांच्या हातून काहीतरी घडवून घ्यायचं, ही पद्धत पुण्यात आता चांगली रुजली आहे. मोदक वळणं, कुंभाराचं चाक, वारली चित्र, लेझीम, पेठांमधून पायी फेरफटका. मला हे मनापासून आवडतं. एकमेकांची भाषा न येणारी माणसं एका परातीभोवती बसली की तासाभरात ओळखीची होतात. पण याच हौसेवर आता काही जण पैसे उकळायला लागले आहेत. आमच्या बाबतीत जे घडलं ते मी सविस्तर लिहिते आहे. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी कोणालाही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हे वाचावं.

माझ्या भाचीचं लग्न होतं. मुलाकडची मंडळी कुंभकोणमची, काही चेन्नईची. दोन्हीकडची धरून चाळीस माणसं. दादा-वहिनी कार्यालय आणि खरेदीत बुडालेले, म्हणून आदल्या दिवसाची जबाबदारी मी घेतली. इन्स्टाग्रामवर एका आयोजकाचं पान दिसलं. सकाळी कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ओळीत ठोके मारायचं काम, तेही असं की प्रत्येकाने एक तांब्याची वाटी स्वतः ठोकून घरी न्यायची. दुपारी कार्यालयात डहाणूकडच्या वारली कलाकारांबरोबर चित्रं, आणि संध्याकाळी उकडीचे मोदक. माणशी २,४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एकूण १,१३,२८० रुपये, निम्मे आगाऊ.

माणूस बोलायला अतिशय गोड. दर वाक्याला ताई. पेशव्यांच्या काळात तांबट कोकणातून पुण्यात कसे आले, आळी कशी वसली, हे त्याने इतक्या आत्मीयतेने सांगितलं की हा या कामातलाच आहे असं कोणालाही वाटावं. व्हिडिओही पाठवला: खराखुरा कारखाना, खरेखुरे हात, चकचकीत हातोडीखाली फिरणारा हंडा. मी कारागिराचा नंबर मागितला. उत्तर आलं, "ताई, ती जुनी माणसं आहेत, फोनवर बोलत नाहीत. आणि ग्राहक थेट गेले की आमचा करार मोडतो." यूपीआयवर पैसे पाठवताना नाव भलत्याच व्यक्तीचं आलं, तर म्हणाला, कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, अकाउंटंटच्या खात्यात घेतो. मग तांब्याचा भाव वाढला म्हणून साहित्याचे १५,००० गेले. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी आळीतल्या पार्किंगच्या आणि परवानगीच्या नावाखाली आणखी १२,०००. घरात पाहुणे उतरलेले, मुलीचं लग्न तोंडावर. अशा वेळी कोणी नाही म्हणत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच शेवटची मागणी त्याने त्या संध्याकाळसाठी राखून ठेवली होती.

सकाळी बस मोठ्या रस्त्यावर थांबली आणि आम्ही चालत आळीत शिरलो. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक मुलगा पुढे होता. एका कारखान्यासमोर आम्हाला उभं करून "पाच मिनिटांत येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. आत एक वयस्कर कारागीर काम करत होते. दारात चाळीस माणसं बघून त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

मी सांगितलं, मठारकाम शिकायला आलोय, आपलं बुकिंग आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, फोन केला नव्हता, एक पैसा दिला नव्हता. मी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे केला. "हे माझंच दुकान," ते म्हणाले. "हे हातसुद्धा माझेच. हंडे बघायला आलोय असं सांगून उभा राहिला होता, मोबाइल धरून. घेतलं काहीच नाही."

पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं. त्या माणसाने आम्हाला लुबाडलंच, पण एका कसबी माणसाचे हात त्याला न विचारता विकले. आम्ही परत फिरलो असतो आणि गावभर सांगत सुटलो असतो की तांबट आळीतले लोक पैसे घेऊन फसवतात, तर ज्याचा काडीचा संबंध नाही त्याचं नाव खराब झालं असतं.

ऑर्डरचं काम अंगावर असताना त्या कारागिरांनी आम्हाला हाकललं नाही. पाचपाच जणांना आत घेतलं आणि काम समजावलं. तांबं तापवून मऊ करावं लागतं, मग ठोकून आकार द्यायचा. ठोकता ठोकता ते पुन्हा कडक होतं, की पुन्हा तापवायचं. मठार अगदी शेवटी. चकचकीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक, एका रांगेत, सारख्या जोराचे ठोके. त्याने भांड्याला झळाळी येते आणि ताकदही. एक ठोका वाकडा पडला तर तो कायमचा दिसतो. "तासात वाटी?" त्यांनी मान हलवली. "तयार वाटीवर चार ओळी मारता येतील फार तर. आणि चाळीस जणांना? माझ्याकडे एवढ्या हातोड्या तरी कुठे आहेत?" मुलाच्या आजी तिथेच खाली बसल्या. त्यांच्या माहेराजवळच्या नाचियारकोविलला पितळी समया ओततात. इथेही साचा असतो का, असं त्यांनी नातवाकरवी विचारलं. साचा नाही, सगळं पत्र्यातून उठवलेलं, हे ऐकल्यावर त्यांनी भंगाराच्या तुकड्यावर दोन ठोके मारून पाहिले. कामाचा झालेला खोळंबा आम्ही आग्रहाने भरून दिला. ते घेत नव्हते.

दुपारी 'वारली कलाकार' म्हणून कॉलेजातली दोन मुलं आली. कापडी पिशव्यांवर तारपा नाचाची, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून केलेल्या नाचाची, बाह्यरेषा आधीच छापलेली. पाहुण्यांनी पांढऱ्या पेनने ती गिरवायची. खरं वारली चित्र तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, गेरूच्या किंवा मातीच्या भिंतीवर निघतं. आणि लग्नात तर सवाशिणी चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. आमच्या घरचं कार्य लग्नाचं, त्यामुळे याहून योग्य काही नव्हतं. या चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, जिव्या सोमा मशे यांच्यासारखा पद्मश्री मिळालेला चित्रकार त्या मातीतला. तिथल्या लोकांचा रोजगार या छापील पिशव्यांनी खाल्ला. मुलांना "आम्ही डहाणूचे" असं सांगायला शिकवलं होतं. एकाला रडू फुटलं तेव्हा कळलं, तीही पुण्यात रोजावर घेतलेली, आणि त्यांचाही रोज बुडालेला.

मोदकांना कोणी आलंच नाही. कार्यालयाच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी आणि वहिनीच्या बहिणीने उकड काढून वेळ निभावली. आयोजकाचा फोन सकाळपासून बंद होता, संध्याकाळी त्याने आम्हाला ब्लॉक केलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही फसवणूक मुद्दाम अर्धवट केलेली असते. बस येते, कोणीतरी मुलगा येतो, पिशव्या येतात. त्यामुळे तक्रार करायला गेलं की पहिलं उत्तर मिळतं: सेवा तर दिली ना, मग हा दर्जाचा वाद, दिवाणी मामला. आम्हालाही तेच ऐकावं लागलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा बसवायचा तर पैसे घेतानाच हेतू खोटा होता हे दिसावं लागतं. आमच्याकडे ते दाखवणाऱ्या दोन गोष्टी होत्या. एक, "कारागिरांचं बुकिंग कन्फर्म आहे" असा त्याचा व्हॉट्सॲप संदेश. दुसरी, आपल्याला कोणी विचारलंच नव्हतं असं कारागिरांनी स्वतःहून लिहून दिलेलं निवेदन. या दोन कागदांनंतर आमचा अर्ज घेतला गेला. म्हणून बोलणी फोनवर झाली तरी "आपलं असं ठरलं" हे लगेच लिहून पाठवा आणि त्याच्याकडून लेखी होकार घ्या. गप्पा डिलीट करू नका.

१९३० या सायबर हेल्पलाइनला आम्ही त्याच संध्याकाळी फोन केला. आदल्या रात्री पाठवलेले १२,००० समोरच्या खात्यात अडकवून ठेवता आले. आधीचे पैसे केव्हाच पुढे सरकले होते. दुसऱ्या दिवशी लग्न आहे, नंतर बघू, असं म्हणून थांबलो असतो तर तेही गेले असते. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला असतो: दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, आणि तक्रार २ वर्षांच्या आत करायची असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं. अडचण एवढीच की तिथे समोरच्याचं खरं नाव-पत्ता लागतो, आणि तोच आमच्याकडे नव्हता.

त्याच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक आमच्या एका सीए नातेवाइकाने पाहिला. १५ अक्षरी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. याच्या बिलावर सुरुवात २४ ने, म्हणजे गुजरात. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. नोंदणी तिसऱ्याच व्यापाऱ्याची निघाली. म्हणजे जीएसटी म्हणून घेतलेला पैसाही सरकारकडे गेला नव्हता.

या क्षेत्रात प्रामाणिक आयोजक आहेत, आणि त्यांच्याशी बोललं की फरक पटकन कळतो. खरा माणूस आधी तुमची संख्या कमी करायला बघतो. एका कारागिरामागे किती जण, हातोड्या किती, एक तुकडी ठोकत असेल तेव्हा बाकीचे काय करतील, म्हाताऱ्यांना बसायला काय, लहान मुलांच्या हाती काय द्यायचं, त्या आवाजात समजावणार कसं, हे तो स्वतःहून विचारतो. आमच्या माणसाने यातलं काहीच विचारलं नव्हतं. चाळीस म्हटलं, चालेल. साठ म्हटलं असतं तरी चालेलच म्हणाला असता.

आणि कारागिराशी किंवा कलाकाराशी स्वतः बोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आयोजकाने आपला मोबदला जरूर घ्यावा, ते काम कष्टाचं आहे. पण जो शिकवणाऱ्या माणसाची गाठ घालून द्यायला तयार नाही, त्याच्याकडे बहुतेक शिकवणारा माणूसच नसतो. पुण्यात असाल तर आळी काही लांब नाही. सवडीने जाऊन विचारा, तुमच्या नावाचं काम ठरलंय का, आणि त्यातले त्यांना किती मिळणार आहेत.

आमच्याकडे आलेला तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या पानावर फिरतो आहे, 'हेरिटेज वेडिंग अनुभव' अशा मथळ्याखाली. कारागिराचा चेहरा कुठेच दिसत नाही, फक्त हात आणि हंडा; मागून बासरीचं संगीत लावलंय, म्हणून ठोक्यांचा आवाजच येत नाही. कोणी हा व्हिडिओ दाखवून आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नका. दिली असेल तर आजच १९३० ला कळवा, आणि तक्रारीत त्या यूपीआय खात्यावर दिसलेलं नाव, व्यवहाराचा क्रमांक आणि पानाचा स्क्रीनशॉट न विसरता जोडा.