बंद खोलीत साडेएकवीस युनिट: बेंगळुरूच्या को-लिव्हिंगमधले दहा महिने

तीन खाटा, तीन कपाटं, वायफाय, आठवड्यातून दोनदा झाडू-पोछा हे सगळं ॲपवर दिसतंच, आणि फोटोही बरेचसे खरे असतात. ते परत लिहीत बसत नाही. को-लिव्हिंग म्हणजे ॲपवरून खाटेवार भाड्यानं मिळणारी खोली. तिच्या या रिव्ह्यूत मी लिहितोय ते विजेच्या मीटरबद्दल. ज्यांना मीटरमध्ये रस नाही त्यांनी सरळ जेवणाच्या परिच्छेदावर जावं. तो चार ओळींचा आहे.

मी वडगावचा, म्हणजे बेळगावातल्या वडगावचा. एप्रिल २०२५ ते जानेवारी २०२६ होसा रोडच्या बाजूला राहिलो. तिघांत एक खोली, जेवणासह महिना ९,५००. ॲडव्हान्स १५,०००, त्यातले ३,००० जाताना 'मेंटेनन्स' म्हणून कापणार हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. वीज वेगळी. प्रत्येक खोलीला सबमीटर, युनिटला १२ रुपये, येईल ते तिघांत वाटून. खोलीत एक निपाणीचा, एक हुबळीचा. निपाणीकर आणि मी मराठीत बोलायचो, हुबळीकराशी कन्नडमध्ये. त्याला आमचं निम्मं मराठी कळायचं, शिव्या पूर्ण कळायच्या.

पहिल्या बिलालाच भांडण झालं. ९,५०० च्या खाली 'टॅक्स १२%' अशी ओळ आणि १,१४० रुपये. २०२३ मध्ये कर्नाटकातच जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणानं पीजी-हॉस्टेलचं भाडं म्हणजे करमुक्त घरभाडं नव्हे असं ठरवलं होतं, तिथून ही ओळ बिलात घुसलेली. पण जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५३व्या बैठकीत ठरलं की माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचं राहणं, किमान सलग ९० दिवसांचं असेल तर, करमुक्त. माझा करार अकरा महिन्यांचा. मॅनेजरला मोबाईलवर दाखवलं, पुढच्या दिवशी ती ओळ गायब. हूं नाही की चूं नाही. मी घरी फोन करून सांगितलं, इथली माणसं सज्जन आहेत. तेव्हा तसं वाटलं होतं.

आता मीटर. आमच्या बाबांचं उद्यमबागेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. लहानपणी घरी कुणी पंखा चालू ठेवून बाहेर गेलं की ते ओरडायचे नाहीत, परत आल्यावर किती पैसे जळाले ते सांगायचे. ते जास्त लागायचं. ही सवय अंगात असल्यानं गावी निघताना मी सबमीटरचा फोटो काढतो. निपाणीकर यावरून मला महिनोन् महिने चिडवत होता.

गणपतीला आम्ही तिघंही गावाला गेलो. २६ ऑगस्टला संध्याकाळी खोलीला कुलूप, तेव्हा मीटर १८४२.३. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, ती सोडून कोण येतो, म्हणून परतलो ते थेट ८ सप्टेंबरला सकाळी. मीटर १८६३.९. खोलीत फ्रिज नाही, गीझर बंद, चार्जरसुद्धा उपसलेले. बारा दिवसांत बंद खोलीनं साडेएकवीस युनिट खाल्ले होते. २५९ रुपये. गणपतीसुद्धा आमच्या घरी एवढे मोदक खात नाही.

मॅनेजर म्हणाला, "लीकेज असेल." मग म्हणाला, "मीटर जुना आहे, थोडा पळतो." मग नेहमीचं बेंगळुरू, "स्वल्प अड्जस्ट माडी." म्हणजे थोडं ॲडजस्ट करा.

बाबांना फोन लावला.

"खोलीचा मेन स्विच पाड आणि बघ. मीटरचा लाल लाइट मारायलंय काय अजून?"

"मारतंय."

"मग खोलीत काय शोधायलास? मीटर आणि तुझ्या मेनच्या मधे कुणीतरी बसलंय."

मीटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ३२०० इम्पल्सला एक युनिट. म्हणजे तो लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. मीटर खरंच पळतो का हे बाबांनी आधी तपासायला सांगितलं. १५०० वॉटची किटली, बाकी सगळं बंद, एक मिनिट. हिशेबानं ८० वेळा लुकलुकायला हवं. निपाणीकरानं मोबाईलवर व्हिडिओ काढला, हळू चालवून दोघांनी वेगवेगळं मोजलं. ८४ आले. म्हणजे मीटर ठीक, वरचे चार परके. मग मेन पाडून नुसतं बघत बसलो. दर १५ सेकंदाला एक. बाबांनी फोनवरच आकडा सांगितला, "पंच्याहत्तर वॉट." मी कॅल्क्युलेटरवर केलं, पंच्याहत्तरच.

हुबळीकर कॉरिडॉरमध्ये जाऊन एकेक स्विच दाबत होता. आमच्या मजल्यावरचा कॉरिडॉर आतल्या बाजूचा, खिडकी नाही, तीन ट्यूब दिवसरात्र चालू. त्यानं त्या बंद केल्या आणि लाल दिवा थांबला. थांबला म्हणजे आम्हाला तसं वाटलं. आरडाओरडा करणार तेवढ्यात, तब्बल सव्वा मिनिटानं, परत एकदा लुकलुकला. तो राउटर आणि कॅमेरा. पूर्ण मजल्याचे दिवे, मजल्याचं वायफाय आणि आमच्यावरच नजर ठेवणारा कॅमेरा, तिन्ही आमच्या मीटरवर.

७५ वॉट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. चोवीस तास चालले की दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४, बाराच्या भावानं ६४८ रुपये. माणशी २१६. सहा महिन्यांचे माझे १,२९६. त्याच काळात वडगावात आमच्या घरचं बिल शून्य येतंय, कारण ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजना आहे, २०० युनिटच्या आत आणि आधीच्या सरासरीवर दहा टक्के एवढ्या मर्यादेत वीज फुकट. भाडेकरूलाही मिळते, पण जोडणी घरगुती हवी. पीजीची जोडणी व्यापारी. म्हणजे बाबा घरात फुकट दिवे लावतात आणि मुलगा होसा रोडला अनोळखी लोकांच्या कॉरिडॉरमध्ये उजेड पाडतो.

मॅनेजरशी भांडताना माझी भाषा आडवी आली हेही सांगतो. आमचं कन्नड उत्तरेकडचं, प्रत्येक वाक्याला आदराचा 'री' लागतो. "येन री हिंग माड्तीरी" (काय हो, असं करता) असं रागानं म्हटलं की बेंगळुरूच्या माणसाला ते गोड वाटतं. तो हसला. हुबळीकराचंही तेच झालं. शेवटी निपाणीकर मोडक्या कन्नडमध्ये, 'री'बिरी काही न लावता बोलला, तेव्हा मॅनेजर गंभीर झाला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन आला, ट्यूब आमच्यावरून काढल्या. राउटर-कॅमेरा तसाच राहिला, माणशी ४३ रुपये, ते आम्ही सोडून दिले. मागचे ३,८८८ मागितले तर खोलीला १,००० वळते केले. तिघांत ३३३ रुपये, वरचा एक हुबळीकराला, कारण स्विच त्यानं दाबला होता.

त्या रात्री मी याच अनुभवाचा पहिला मसुदा लिहिला होता आणि २ स्टार दिले होते. त्यात भाडेवाढीचाही राग होता. १० ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी बेंगळुरूत एकाच दिवशी दोन गोष्टी सुरू केल्या: बेळगावची वंदे भारत आणि आमच्या दारातली मेट्रोची यलो लाइन. आम्ही बेळगावकर खूश, घरही जवळ आलं आणि ऑफिसही. सप्टेंबरपासून खाटेला ५०० रुपये वाढले. कारण विचारलं तर "मेट्रो आली ना". तेव्हा मेट्रो २५ मिनिटांनी एक यायची.

मग नोव्हेंबरमध्ये आम्ही तिघांनी फ्लॅट बघायचं ठरवलं. इथून माझं मत बदललं.

दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं २८,०००. माणशी ९,३३३, म्हणजे खाटेपेक्षा कमीच, असं बसमध्ये ठरवून आम्ही गेलो. मालक सहा महिन्यांचा ॲडव्हान्स मागत होता, आणि वर उपकार केल्यासारखं सांगत होता की आधी दहा महिन्यांचा घ्यायचो. १,६८,०००. दलालाचे एका महिन्याचे २८,०००. जाताना रंगकामाचे आणखी एका महिन्याचे कापणार. शिवाय फ्रिज, गॅस, वॉशिंग मशीन, चमच्यापासून सगळं आमचं. मी म्हटलं, केंद्रानं २०२१ मध्ये नमुना भाडेकरू कायदा काढलाय, राहत्या घराला दोन महिन्यांच्या वर ठेव घ्यायची नाही. मालकानं शांतपणे विचारलं, "नमुना ना?" त्याला माहीत होतं. नमुना कायदा राज्यांनी उचलायचा असतो. आणि घर त्याचं होतं.

दलालानं मग लीज सुचवलं. बेंगळुरूत लीज म्हणजे एकदम १२-१५ लाख द्यायचे, तीन वर्षं भाडं नाही, शेवटी पैसे परत. बाबांना फोनवर सांगितलं. "भाडंच नाही?" म्हणून ते क्षणभर गप्प झाले. नंतर म्हणाले, "शेवटी त्याच्याकडं नसले तर तू त्याच्या घरात बसणार, का तो तुझ्या पैशावर?"

उठून खोलीवर आलो. माझ्या वाटणीला दलालासकट ६५,००० च्या वर रोख, किल्ली हातात यायच्या आधी. एवढे माझ्याकडे नव्हते, निपाणीकराकडे तर अजिबात नव्हते. एवढे दिवस मी समजत होतो की को-लिव्हिंगवाला खाट विकतो. तो ॲडव्हान्स न द्यायची सोय विकतो. पंधरा हजारात बेंगळुरूत पाय ठेवायला मिळतो, एका महिन्याच्या नोटिशीवर काढताही येतो. खाटेवर फार सुटत नसणार, म्हणून तो मीटरवर काढतो. हे कळल्यावर राग गेला असं नाही, पण २ चे ३ केले.

जेवण. तिन्ही वेळा भात, सकाळचा लिंबूभात खरोखर चांगला. चपाती म्हणून जे येतं ते रविवारी सुट्टीवर असतं. आईनं दिलेला कुंदा पहिल्या रात्री संपतो, फ्रिजमध्ये ठेवायचा प्रश्नच येत नाही.

जानेवारीत ऑफिसनं महिन्यातून तीन आठवडे घरून काम करायला परवानगी दिली आणि मी खाट सोडली. जाताना भांडणाची तयारी करून गेलो होतो. मीटरचे दहा महिन्यांचे फोटो, तारखेनुसार. मॅनेजरनं फोटो न बघताच हिशेब केला: १५,००० वजा ३,००० वजा शेवटच्या महिन्याची वीज १८६. ११,८१४ त्याच संध्याकाळी खात्यात. एवढा नीट हिशेब या दहा महिन्यांत मला कुठल्या नातेवाइकाकडूनही मिळालेला नाही. त्यासाठी आणखी अर्धा स्टार, साडेतीन.

हे लिहून झालं होतं. निपाणीकर अजून त्याच खोलीत आहे, त्याला वाचायला पाठवलं. त्याचं उत्तर रात्री आलं, व्हिडिओ. मेन पाडलेला, अंधार, मधे लाल दिवा, मागून त्याचा मोजतानाचा आवाज. चौदा, पंधरा, आणि टिक. मागच्या आठवड्यात पाण्याच्या मोटरचं काम करायला इलेक्ट्रिशियन आला होता म्हणे.

अर्धा स्टार परत घेतलाय. बाबांना व्हिडिओ दाखवला, त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला. "त्याला सांग," म्हणाले, "ओरडू नको अजून. पहिल्या तारखेचा फोटो आहे काय त्याच्याकडं?"

आहे. आता तोही काढतो.